शांत बेट आपोआप शांत राहत नाही

ग्रीसला जाऊन आलो हे कळलं की ओळखीतले लोक आधी सँटोरिनीबद्दल विचारतात. तिथे गेलोच नाही असं सांगितलं की क्षणभर गप्प होतात आणि मग आवाज खाली आणून म्हणतात, "मग एखादं शांत, हिरवं बेट सांगा ना. जिथे अजून कोणी पोचलेलं नाही असं."

मी अलोनिसोसचं नाव सांगतो, आणि दर वेळी सांगताना मनात अडखळतो. जागा लपवून ठेवावी असं मला वाटत नाही. तीन हजार माणसं जिथे राहतात त्या जागेवर "कोणी पोचलेलं नाही" असं म्हणण्याचा अधिकार मला नाही, तुम्हालाही नाही. मला खटकतं ते त्या प्रश्नाच्या पोटात असलेलं गृहीतक. शांतता म्हणजे झाडाला लागलेलं फळ, जो आधी पोचेल त्याच्या हाती लागेल आणि गर्दी आली की संपेल, मग पुढचं झाड शोधायचं, असं आपण धरून चालतो. पर्यटनाचा सगळा व्यवहार याच समजुतीवर चालतो. काल मिकोनोस, आज पारोस, उद्या आणखी कुठलं तरी. अलोनिसोसवर नऊ दिवस राहून, तिथला इतिहास वाचून आणि चार लोकांशी बोलून माझं मत पक्कं झालं आहे की ही समजूत चुकीची आहे. बेटाची शांतता घडवावी लागते. ती कोणीतरी घडवलेली असते, कोणीतरी तिची किंमत मोजलेली असते, आणि ती टिकवायची की नाही हा सार्वजनिक निर्णयाचा प्रश्न आहे. प्रवाशाच्या आवडीनिवडीवर तो सोडून चालणार नाही.

आधी हिरवेपणाबद्दल. आपल्या डोळ्यांसमोर ग्रीसचं जे चित्र असतं, पांढरी घरं, निळे घुमट, उघडा तपकिरी कातळ, ते किक्लादेस द्वीपसमूहाचं. तिथे पाऊस थोडा आणि झाडं त्याहून थोडी. पश्चिमेकडची आयोनियन बेटं आणि उत्तरेकडची स्पोरादेस बेटं वेगळी दिसतात. अलोनिसोस स्पोरादेसमधलं. जेमतेम वीस किलोमीटर लांबीचं, आणि त्यावरचे पाइन वृक्ष उतारावरून थेट पाण्यापर्यंत येतात. दुपारी गोट्यांच्या किनाऱ्यावर बसलं की सावली छत्रीची नसते, झाडाची असते. खारा वारा आणि राळेचा वास एकमेकांत मिसळलेला असतो.

कोकण पाहिलेल्या माणसाची इथे एक फसगत होते. हिरवं म्हणजे ओलं, असं आपल्या मनात पक्कं बसलेलं आहे. ग्रीसमध्ये पाऊस हिवाळ्यात पडतो. मे संपला की सप्टेंबरपर्यंत आभाळ बहुतेक कोरडं. म्हणजे पर्यटकांची गर्दी असते तेव्हाच ते जंगल सर्वांत तहानलेलं असतं, आणि पाइनच्या खोडात राळ असते. २०२१ च्या ऑगस्टमध्ये शेजारच्या एव्हिया बेटाच्या उत्तर भागात आग लागली आणि सुमारे पन्नास हजार हेक्टर क्षेत्र जळालं. त्या जंगलात पिढ्यान्‌पिढ्या राळ गोळा करणारी कुटुंबं होती. झाडाला खाच पाडून राळ काढायची, तर त्या झाडापर्यंतची वाट मोकळी ठेवावी लागते. खालचा सुका पालापाचोळा आणि झुडपं हटवावी लागतात, धूर दिसला की धावावं लागतं. जंगलात रोज वावरणारा माणूस हाच जंगलाचा पहिला राखणदार असतो. त्या आगीत झाडं गेली आणि राखणदारांचा धंदाही गेला. हिरवं बेट हिरवं राहतं त्यामागे असे पाय झिजलेले असतात, आणि किनाऱ्यावर पाठ टेकून पडलेल्या आपल्याला ते दिसत नाहीत.

आता शांततेकडे येतो. अलोनिसोसची शांतता दोन प्रकारची आहे, आणि त्या दोन्हींत गल्लत केल्यामुळेच आपली बरीच चर्चा भरकटते असं मला वाटतं.

पहिली शांतता आपत्तीतून आली. प्राचीन काळी या बेटाला इकोस म्हणत आणि इथली वाइन मातीच्या उंच कुंभांतून दूरवर जात असे. आजच्या बंदराचं नाव पातितिरी, म्हणजे द्राक्षं तुडवण्याची जागा. १९५० च्या दशकात फिलॉक्झेरा नावाच्या किडीने इथल्या द्राक्षवेली मारल्या. घरचा धंदा बुडाला तशी कर्ती माणसं कामासाठी बाहेर पडली. मग ९ मार्च १९६५ ला भूकंप झाला. डोंगरमाथ्यावरचं जुनं गाव होरा मोडकळीला आलं. सरकारने दुरुस्तीऐवजी स्थलांतराचा मार्ग धरला. खाली बंदराजवळ नवी घरं बांधली आणि लोकांना तिथे नेलं. मागे राहू पाहणाऱ्यांच्या गावातली शाळा आणि वीज यांसारख्या सोयी काढून घेतल्या. काही वर्षांत वरचं गाव रिकामं झालं. पडकी दगडी घरं जर्मन, ब्रिटिश आणि इतर परदेशी लोकांनी स्वस्तात घेतली, मन लावून दुरुस्त केली. आज होरा बेटावरचं सर्वांत देखणं ठिकाण आहे. अरुंद दगडी गल्ल्या, बोगनवेल, दोन्ही बाजूंना समुद्र.

मी तिथे संध्याकाळी उभा होतो तेव्हा मलाही ते शांत वाटलं. नंतर कळलं की त्यातली कित्येक घरं वर्षातले नऊ-दहा महिने कुलूपबंद असतात. आपल्या भाषेत या अवस्थेला वेगळा शब्द आहे: ओस. शांत गाव आणि ओस गाव बाहेरून सारखीच दिसतात. कोकणातल्या माणसाला हा फरक समजावून सांगावा लागणार नाही. ज्या वाडीत चाकरमानी गणपतीला येतात तेवढ्यापुरती दारं उघडतात, ती वाडी नोव्हेंबरात किती निवांत असते! तिथे राहणाऱ्या म्हाताऱ्या बाईला मात्र त्या निवांतपणाचं काय वाटतं हे विचारावं. शांत बेटाच्या शोधात निघालेला प्रवासी पुष्कळदा ओसपणालाच शांतता समजून त्यावर पैसे लावतो. आणि तसे पैसे लावल्याने ओसपण वाढतं, कारण घर विकणं हे घरात राहण्यापेक्षा फायद्याचं होऊन बसतं.

दुसरी शांतता कायद्याने आली, आणि तिच्यासाठी मला हा लेख लिहावासा वाटला.

भूमध्य समुद्रात मंक सील नावाचा प्राणी आहे. ॲरिस्टॉटलने त्याचं वर्णन केलेलं आहे. एके काळी तो उघड्या वाळूवर पिल्लांना जन्म देत असे. माणसाने मारलं, हुसकावलं, किनारे व्यापले, तशी ही जात समुद्रगुहांमध्ये शिरली. ज्यांचं तोंड पाण्याखाली आहे अशाही गुहांत. शांततेसाठी एका प्राण्याने आपली हजारो वर्षांची सवय बदलली. गुहेत जन्मलेलं पिल्लू वादळात लाटेने ओढून नेलं जाण्याची भीती असते, तरी माणसापेक्षा लाट बरी, असा तो हिशेब. आज जगात ही जात हजाराच्या आतबाहेर उरली आहे आणि त्यातली मोठी संख्या ग्रीसमध्ये आहे.

१९७० च्या दशकात स्पोरादेसच्या निर्जन बेटांवर हे सील टिकून आहेत हे लक्षात आल्यावर संरक्षणाची चर्चा सुरू झाली. १९९२ साली राष्ट्रपतींच्या आदेशाने अलोनिसोस आणि उत्तर स्पोरादेसचं राष्ट्रीय सागरी उद्यान स्थापन झालं. ग्रीसमधलं हे पहिलंच. क्षेत्र सुमारे २,२६० चौरस किलोमीटर, त्यातलं बहुतांश पाणी. त्यात विभाग पाडले. अलोनिसोस ज्या भागात आहे तिथे नियम सैल, बाहेरच्या निर्जन बेटांकडे जावं तसे कडक होत जाणारे. पिपेरी या बेटाच्या तीन सागरी मैलांच्या आत तर जाताच येत नाही.

या नियमांनी बेटाचं भवितव्य ठरवलं. पुढच्या बेटांवर हॉटेलं उठली नाहीत, तिकडे वेगवान बोटींची वर्दळ सुरू झाली नाही. अलोनिसोसवर विमानतळ नाही, तो दोन बेटं अलीकडे स्कियाथोसवर आहे. मुख्य भूमीवरच्या वोलोसहून बोट धरली की ती स्कियाथोस, स्कोपेलोस करत शेवटी इथे येते. आम्ही मुंबईहून निघून तिसऱ्या दिवशी पोचलो: विमान, बस, बोट. वाटेत स्कियाथोसच्या धक्क्यावर अर्धी बोट रिकामी झाली, स्कोपेलोसला आणखी. पातितिरीला उतरलो तेव्हा सोबत मोजकी माणसं, किराणा मालाचा एक ट्रक आणि गॅसच्या टाक्या होत्या. हा त्रास म्हणजे गैरसोय नव्हे, हीच त्या बेटाची वेस आहे. दोन रात्रींच्या सहलीवाल्याला ती परवडत नाही. आठ-दहा दिवस राहणाऱ्याला परवडते. आणि बेटाला हवा असतो तो हा जास्त दिवस राहणारा.

कायदा कागदावर केला की काम झालं असं मात्र नाही. या उद्यानाला पुरेसे पहारेकरी, पुरेसा पैसा मिळाला नाही ही जुनी तक्रार आहे. २०२० च्या एका कायद्याने देशभरातली संरक्षित क्षेत्रांची स्थानिक व्यवस्थापन मंडळं गुंडाळून कारभार एका केंद्रीय संस्थेकडे दिला गेला. समुद्र ज्यांच्या दारात आहे त्यांच्यापासून निर्णय लांब नेणं मला चुकीचं वाटतं. नियमाची राखण शेवटी शेजारीच करतो. आणि पहारा ढिला पडला की काय होतं याचं उदाहरण २०२१ च्या जुलैमध्ये मिळालं. कोस्तिस नावाचा एक तरुण मंक सील होता. २०१८ मध्ये अनाथ पिल्लू असताना त्याला वाचवलं होतं, हाताने भरवून मोठं करून समुद्रात सोडलं होतं. तो अलोनिसोसच्या बंदरात यायचा, बोटींवर चढून उन्हात झोपायचा. बेटाचा तो लाडका होता. कोणीतरी जवळून भाल्याच्या बंदुकीने त्याला मारलं. मारेकऱ्याला पकडून देणाऱ्यासाठी बक्षीस जाहीर झालं. तीन वर्षं शेकडो हातांनी राखलेलं एका हाताने संपवलं.

तरीही एकूण हिशेब आशेचा आहे. धोक्यातल्या प्राण्यांच्या जागतिक यादीत मंक सील आधी 'अतिसंकटग्रस्त' वर्गात होता. २०१५ मध्ये तो 'संकटग्रस्त' झाला आणि २०२३ मध्ये आणखी एक पायरी सुधारून 'असुरक्षित' या वर्गात आला. काही ठिकाणी सील पुन्हा उघड्या किनाऱ्यांवर दिसू लागले आहेत. गुहेत दडलेली जात हळूहळू उजेडात येते आहे. हे आपोआप झालं नाही. तीस-पस्तीस वर्षं काही लोकांनी काही ठिकाणी जायचं नाही असं ठरवलं, म्हणून झालं.

नियमांची आणखी एक गोष्ट मला फार शिकवून गेली. १९८५ मध्ये एका स्थानिक मच्छीमाराला शेजारच्या पेरिस्तेरा बेटाजवळ समुद्रतळाशी कुंभांचा ढीग सापडला. इसवी सन पूर्व पाचव्या शतकातलं एक व्यापारी जहाज तिथे बुडालं होतं. लाकूड केव्हाच गेलं, पण वाइनचे हजारो कुंभ जहाजाच्या आकारात रचलेले तसेच राहिले. त्यातले काही शेजारच्या स्कोपेलोसचे. ही जागा ग्रीस सरकारने लगेच तिकीट लावून उघडली नाही. पस्तीस वर्षं ती बंद होती. उत्खनन झालं, पाण्याखाली कॅमेरे बसले आणि मग २०२० मध्ये सामान्य पाणबुड्यांना तिथे जाण्याची परवानगी मिळाली, तीही ठरावीक संख्येत, प्रशिक्षित मार्गदर्शकासोबत. ज्यांना वीस-तीस मीटर खोल जाता येत नाही त्यांच्यासाठी होरामध्ये माहिती केंद्र आहे. तिथे डोळ्यांवर यंत्र चढवून ते जहाज पाहता येतं. आधी राखायचं, मग मोजून उघडायचं, हा क्रम महत्त्वाचा. आपल्याकडे आणि बहुतेक जगात तो उलटा असतो. आधी रस्ता, मग हॉटेलं, मग गर्दी, मग समिती.

सँटोरिनीत तसंच झालं. साधारण पंधरा हजार वस्तीच्या त्या बेटावर २०२३ मध्ये चौतीस लाखांच्या आसपास लोक आले. २०२४ च्या जुलैमध्ये एके दिवशी एकट्या क्रूझ जहाजांतून हजारो प्रवासी उतरणार होते, तेव्हा एका स्थानिक पदाधिकाऱ्याने रहिवाशांनाच हालचाल कमी करण्याची विनंती समाजमाध्यमावर केली होती. लोक भडकले आणि ती नोंद काढावी लागली. पाहुण्यासाठी घरातल्याने कोपऱ्यात बसायचं ही अवस्था आल्यावर नियम आले. क्रूझ प्रवाशांची दिवसाची मर्यादा आठ हजार झाली. जुलै २०२५ पासून ऐन हंगामात सँटोरिनी आणि मिकोनोसला उतरणाऱ्या क्रूझ प्रवाशावर वीस युरो शुल्क लागलं. नियम चांगले आहेत, पण ते उशिराचे आहेत. तोवर जमिनीच्या किमती, पाण्याची टंचाई, भाड्याची घरं, सगळं हाताबाहेर गेलेलं असतं.

२०२४ मध्ये ग्रीसला साधारण साडेतीन कोटींहून जास्त परदेशी पाहुणे आले. देशाची लोकसंख्या एक कोटीच्या थोडी वर. २०२५ मध्ये मुंबई ते अथेन्स थेट विमानसेवेची घोषणा झाली, म्हणजे यात आता आपली भर पडणार. मराठी प्रवाशांच्या सहलपत्रिकांत ग्रीस म्हणजे आजही अथेन्स, मिकोनोस, सँटोरिनी असं त्रिकूटच असतं. सात-आठ दिवसांत तीन मुक्काम. याच पर्यटनाची पुढची पायरी म्हणून "शांत बेट" आलं तर ते बेट शांत राहणार नाही, हे मला स्पष्ट दिसतं.

माझ्या मताला दोन आक्षेप घेतले जातात आणि दोन्ही वजनदार आहेत.

पहिला आक्षेप असा की तुम्ही मर्यादेची भाषा करता तेव्हा शेवटी फक्त श्रीमंतांचीच सोय होते. हे खरं आहे, जर मर्यादा पैशाने घातली तर. ग्रीसमध्ये आता हॉटेलच्या प्रत्येक रात्रीवर हवामान शुल्क आहे. पंचतारांकित खोलीला हंगामात पंधरा युरोपर्यंत. अशा खोलीत राहणाऱ्याला पंधरा युरो जाणवतही नाहीत. केवळ दर वाढवून गर्दी हटवली तर बेटावर मोठ्या नौका आणि खाजगी तलावांचे बंगले उरतात, शाळामास्तरचं कुटुंब येत नाही. म्हणून मला मर्यादा संख्येची हवी, नांगर टाकण्याच्या जागांची हवी, नव्या खाटांची हवी. कास पठारावर दिवसाला तीन हजार माणसांची मर्यादा आली तेव्हाही कुरकुर झाली होती, पण रांगेत गरीब-श्रीमंत एकाच न्यायाने उभे राहतात. वेळ ही अशी किंमत आहे जी सगळ्यांना सारखी मोजावी लागते. बोटीने जायला लागणारा एक दिवस अब्जाधीशालाही लागावा, म्हणून तिथे हेलिकॉप्टर उतरू देऊ नये.

दुसरा आक्षेप बेटावरच्या माणसांचा आहे आणि तो मला जास्त टोचतो. तुमच्या नऊ दिवसांच्या निवांतपणासाठी आम्ही बारा महिने मागास राहायचं का? पातितिरीतल्या एका दुकानदार बाई मला काहीशा अशाच म्हणाल्या. त्यांचा मुलगा वोलोसला शिकतो. जानेवारीत वारा सुटला की बोटी बंद होतात आणि औषधसुद्धा थांबून राहतं. याला उत्तर एकच: राखण्याचं ओझं त्यांच्या डोक्यावर टाकून मोकळं होता येणार नाही. शांततेवर सरकारने खर्च केला पाहिजे. ग्रीसमध्ये २०१८ पासून बेटवासीयांच्या प्रवासखर्चाची काही भरपाई देण्याची योजना आहे, समुद्रमार्गाचं भाडं जमिनीवरच्या तेवढ्याच अंतराच्या भाड्याशी जुळवण्यासाठी. ही दिशा योग्य आहे. हिवाळ्यातली बोट, बारमाही डॉक्टर, शाळा या गोष्टी सागरी उद्यानाच्या अंदाजपत्रकाचाच भाग मानायला हव्यात. घरांचा प्रश्न तर आणखी तातडीचा आहे. ग्रीक बेटांवर नेमणूक झालेल्या शिक्षकांना आणि डॉक्टरांना राहायला जागा मिळत नाही, कारण घरमालकाला दोन महिने पर्यटकांना देण्यात वर्षभराच्या भाड्याहून जास्त मिळतं. मास्तर नाही म्हणून शाळा बंद, शाळा बंद म्हणून कुटुंब बाहेर, कुटुंब गेलं की घर पर्यटकांना. तिथून बेट पुन्हा ओसपणाकडे जातं, या वेळी किडीमुळे किंवा भूकंपामुळे नव्हे, आपल्यामुळे.

मच्छीमारांचा विचार करताना मला मालवण आठवत राहिलं. मालवणचं सागरी अभयारण्य १९८७ चं, म्हणजे अलोनिसोसच्या उद्यानापेक्षा पाच वर्षांनी जुनं. तिथे मच्छीमारांनी त्याला सुरुवातीपासून विरोध केला, कारण अभयारण्य म्हणजे आपल्याला आपल्याच पाण्यातून बाहेर काढणं, असा त्यांचा अनुभव आणि भीती. अलोनिसोसवरही सगळं गोडीगुलाबीने झालं नाही. सील जाळी फाडतो, मासे खातो, तो मच्छीमाराला कसा आवडावा? पण इथल्या छोट्या मच्छीमारांना एक गोष्ट पटली. उद्यानामुळे बाहेरून येऊन तळ खरवडून नेणाऱ्या मोठ्या बोटींना आळा बसणार होता. संरक्षण त्यांच्या जाळ्याविरुद्ध नव्हतं, त्यांच्या जाळ्याच्या बाजूने होतं. सिंधुदुर्गातल्या पारंपरिक मच्छीमारांचं पर्ससीनवाल्यांशी, म्हणजे यांत्रिक बोटींतून प्रचंड जाळी टाकणाऱ्यांशी, असलेलं जुनं भांडण ज्यांना माहीत आहे, त्यांना इथली संधी कुठे हुकली हे लगेच कळेल. ग्रीसने २०२४ मध्ये जाहीर केलं आहे की राष्ट्रीय सागरी उद्यानांत तळ खरवडणारी मासेमारी २०२६ पर्यंत आणि सर्व सागरी संरक्षित क्षेत्रांत २०३० पर्यंत बंद केली जाईल. हा शब्द पाळला गेला तर त्याचा पहिला फायदा वल्ह्या-जाळ्यांच्या माणसाला व्हावा.

आपण प्रवासी म्हणून काय करायचं, हेही सांगितलं पाहिजे, कारण फक्त सरकारकडे बोट दाखवून आपली सुटका नाही. जुलै-ऑगस्टमध्ये जाऊ नये. पंधरा ऑगस्ट हा तिथे मरियमेचा मोठा सण, अख्खा ग्रीस त्या आठवड्यात बेटांवर असतो. मे, जून, सप्टेंबरचा उत्तरार्ध, ऑक्टोबरची सुरुवात, तेव्हा दुकानं उघडी असतात आणि बेटाला आपली गरज असते. एकाच ठिकाणी राहावं. गावातल्या बाईच्या खोलीत राहावं आणि तिला विचारून जेवावं. शाकाहारी माणसाला तर ग्रीसमध्ये काही कमी नाही. त्यांच्या उपासाच्या काळात मांस, अंडी, दूध चालत नाही, त्यामुळे राजमासारखे मोठे दाणे भाजून केलेले गिगान्तेस, रानभाज्यांची होर्ता, हरभरे, हे सगळं त्यांच्या घरात पूर्वीपासून आहे. मरियमेच्या सणाआधीचा त्यांचा चौदा दिवसांचा उपास पुष्कळदा आपल्या श्रावणातच येतो. अलोनिसोसची गोल गुंडाळून तळलेली चीजची तिरोपिता खाल्ल्यावर पिशवीतल्या थेपल्यांची आठवण आली नाही.

आणि किनाऱ्यावर वाळलेल्या तपकिरी पानांचे ढीग दिसले तर नाक मुरडू नये. ते पोसिडोनिया नावाचं समुद्रगवत. पाण्याखाली त्याची कुरणं असतात, मासे तिथे वाढतात, आणि किनाऱ्यावर आलेली पानं लाटांपासून वाळू धरून ठेवतात. हे गवत वर्षाला जेमतेम काही सेंटीमीटर पसरतं. एक नौका नांगर टाकून तो ओढून घेते तेव्हा दशकांची वाढ उपटली जाते. बेटावरची झाडं आपण मोजतो, फोटोत घेतो. पाण्याखालचं हे रान कोणाच्या फोटोत येत नाही. बोट भाड्याने घ्यायची असेल तर नांगर वाळूत टाकतात की गवतात, एवढं बोटवाल्याला विचारता येतं. मी विचारलं, तेव्हा तो खूश झाला आणि पुढचा अर्धा तास पाण्यातले हिरवे-काळे पट्टे दाखवत राहिला.

समुद्रकिनाऱ्यांवरचा आपला हक्क ग्रीक माणसाने सोडलेला नाही, हेही त्या बेटांवर फिरताना लक्षात येतं. २०२३ च्या उन्हाळ्यात पारोस बेटावर लोक नुसते टॉवेल घेऊन किनाऱ्यावर गेले आणि भाड्याच्या खाटांनी गिळलेली वाळू परत मागितली. पुढच्या वर्षी कायदा बदलला. जवळजवळ दोनशे किनारे असे जाहीर झाले की तिथे खाट, छत्री, लाउडस्पीकर काही लावता येणार नाही. पर्यटनाच्या इतक्या मोठ्या उत्पन्नावर जगणाऱ्या देशात सामान्य माणसांनी टॉवेल पसरून हे मिळवलं. शांतता मागावी लागते, आणि तिची मागणी करणारे बहुतेक वेळा तिथेच राहणारे असतात.

शेवटच्या दिवसांपैकी एका दिवशी आम्ही लाकडी बोटीने किरा पानायिया बेटावर गेलो. तिथे आथोस पर्वतावरच्या, ग्रीसमधल्या ख्रिस्ती साधूंच्या पवित्र डोंगरावरच्या, एका मठाच्या मालकीचा एक जुना मठ आहे, वर चढून गेलं की सावलीत गार पाणी मिळतं. परतताना ईशान्येकडे क्षितिजावर एक उंच, एकटा निळसर सुळका दिसला. बोटवाल्याने हात केला: पिपेरी. बोटीत आम्ही पंधरा-सोळा जण असू, बरेच जण कठड्याशी आले. एका मुलाने जवळ जाता येईल का असं विचारलं. बोटवाल्याने मान हलवली, बोटांनी तीन दाखवले, आणि सुकाणू दक्षिणेकडे वळवलं. त्या गुहांमध्ये त्या वेळी काय चाललं होतं ते आमच्यापैकी कोणालाही दिसलं नाही. सप्टेंबर संपत आला होता, म्हणजे पिल्लं जन्माला येण्याचे दिवस.